भूल देण्याआधीचे प्रश्न

मराठीत चूक म्हणजे भूल, मोह पडतो तीही भूल, आणि शस्त्रक्रियेआधी डॉक्टर देतात तीही भूलच. भूलतज्ज्ञ म्हणून गेली जवळपास तीस वर्षं काम करत असल्यामुळे या शब्दावरचे सगळे विनोद माझे ऐकून झाले आहेत. पण यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या अर्थाची गाठ एकदा माझ्याच हातून पडली होती. तो प्रसंग टाळून या विषयावर लिहिणं प्रामाणिकपणाचं होणार नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

वर्ष १९९८. शिक्षण संपवून मला दोन वर्षं झाली होती. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी राहून आसपासच्या चार-पाच खाजगी रुग्णालयांत मी भूल द्यायला जात असे. लहान गावातल्या भूलतज्ज्ञाचं आयुष्य असंच असतं. बॅगेत नळ्या, लॅरिंगोस्कोप आणि औषधं घ्यायची, एका ठिकाणचं सिझेरियन उरकायचं आणि दुसऱ्या ठिकाणच्या हर्नियाला पळायचं. त्या दिवशी सकाळी नऊला पंचेचाळिशीच्या एका बाईंच्या पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन होतं. माझी आणि त्यांची पहिली भेट ऑपरेशनच्या टेबलावरच झाली. तेव्हा सर्रास तसंच होई.

मी विचारलं, "काही खाल्लं नाही ना मावशी?"

त्या म्हणाल्या, "नाही हो मॅडम, उपासच आहे माझा."

मी समाधानाने मान हलवली आणि पुढच्या कामाला लागले. शिरेतून औषध गेलं, त्यांचे डोळे मिटले. श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी मी तोंड उघडलं, तेव्हा घशात साबुदाणा होता.

त्या दिवशी संकष्टी होती. पहाटे सहाला सासूबाईंनी त्यांना वाटीभर खिचडी आणि कपभर चहा दिला होता. एवढं मोठं ऑपरेशन, पोटाला काहीतरी आधार असू दे, म्हणून. आम्ही टेबलाची डोक्याकडची बाजू खाली केली, मान एका बाजूला वळवली, सक्शन लावलं, नळी घालून फुप्फुसं जमेल तेवढी साफ केली. ऑपरेशन झालंच नाही. त्यांना जिल्ह्याच्या गावी हलवलं. तिथे नऊ दिवस त्या कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर होत्या. त्या वाचल्या. मात्र त्या नऊ दिवसांच्या बिलासाठी घरची दुभती म्हैस विकावी लागली, हे मला नंतर कळलं.

दोन महिन्यांनी मी त्यांच्या घरी गेले. त्यांचा माझ्यावर राग नव्हता. उलट त्यांनाच अपराधी वाटत होतं. एवढंच म्हणाल्या, "मी खोटं नाही बोलले मॅडम. उपासच होता माझा. खिचडी उपासाचीच असते की."

त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. मी विचारलं ते मात्र चुकीचं होतं. "खाल्लं नाही ना?" या प्रश्नातल्या 'ना'ने उत्तर आधीच देऊन टाकलं होतं. त्यांनी फक्त त्याला दुजोरा दिला. शिवाय आपल्याकडे 'उपास' म्हणजे रिकामं पोट नव्हे. उपास म्हणजे साबुदाणा, वरी, रताळं, शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू. 'खाणं' म्हणजे जेवण किंवा नाश्ता, आणि चहा तर आपण पितो, खात नाही. त्यामुळे चहा घेतलेला माणूसही अगदी निर्मळ मनाने सांगतो की काही खाल्लेलं नाही.

भूल देण्याआधीची तयारी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे रक्ताच्या तपासण्या, ईसीजी, छातीचा एक्स-रे येतो. त्या आवश्यक तिथे कराव्याच लागतात. पण या तयारीचा मोठा भाग म्हणजे बोलणं आहे. आणि आपण जे विचारतो ते कशासाठी, हे समोरच्याला कळल्याशिवाय त्याच्याकडून खरं उत्तर मिळत नाही, हे मला त्या साबुदाण्याने शिकवलं.

रिकामं पोट कशासाठी?

संपूर्ण भूल म्हणजे गाढ झोप, असं आम्हीही रुग्णांना सोयीसाठी सांगतो. ते पुरतं खरं नाही. झोपलेल्या माणसाच्या घशात पाण्याचा थेंब गेला तर तो ठसका देऊन जागा होतो. भूल दिलेल्या माणसाला ठसका लागत नाही. अन्ननलिका आणि श्वासनलिका यांची तोंडं घशात एकमेकांना लागून आहेत. गिळताना श्वासनलिका झाकली जाते आणि चुकून काही आत गेलंच तर खोकला ते बाहेर फेकतो. भूल चढली की हे दोन्ही पहारेकरी गैरहजर होतात. शिवाय जठराच्या तोंडाशी असलेला स्नायूंचा आवळही सैल पडतो. त्यामुळे जोराची उलटी व्हायलाच हवी असं नाही. पोटात असलेलं अन्न काही आवाज न करता घशापर्यंत वर येतं आणि तिथून फुप्फुसात उतरतं. घनपदार्थ असेल तर श्वासाची वाट बुजते. पातळ असेल तर त्यातलं आम्ल फुप्फुसाच्या नाजूक पडद्यांना भाजून काढतं.

हे नीट अभ्यासून मांडलं ते न्यूयॉर्कमधले प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी, १९४६ साली. १९३२ ते १९४५ या काळात त्यांच्या रुग्णालयात आलेल्या ४४,०१६ गर्भवतींच्या नोंदी त्यांनी तपासल्या. त्यांपैकी ६६ जणींच्या बाबतीत भुलेत असताना पोटातलं द्रव्य फुप्फुसात गेलं होतं. दोघी दगावल्या होत्या, आणि दोघींचाही मृत्यू घन अन्नाने श्वास कोंडून झाला होता. मग मेंडेलसन यांनी सशांवर प्रयोग करून आम्लाने फुप्फुसाचं काय होतं तेही दाखवून दिलं. आजही या आजाराला त्यांचं नाव आहे.

गंमत अशी की 'रिकामं पोट' हा नियम सनातन नाही. सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माच्या आधी रुग्णाला जेवू घालावं आणि मद्याची सवय असलेल्याला तीक्ष्ण मद्य पाजावं, असं सांगितलं आहे. अन्नाने रुग्णाला मूर्च्छा येत नाही आणि मद्याने शस्त्राची वेदना जाणवत नाही, हे त्यामागचं कारण. ज्या काळी रुग्ण जागा राहून वेदना सोसणार होता त्या काळी हा सल्ला योग्यच होता. त्याच ग्रंथात मूढगर्भ, उदर, मूळव्याध, मुतखडा, भगंदर आणि मुखरोग यांच्या शस्त्रकर्मात मात्र रुग्ण न जेवलेला असावा, असाही अपवाद आहे. म्हणजे तिथेही सगळ्यांना एकच नियम नव्हता.

त्या सासूबाईंनी सुनेला खिचडी देताना जे मनात धरलं होतं ते हेच होतं: अंगात बळ राहावं. त्यांचा तर्क अडाणीपणाचा नव्हता, फक्त भुलेच्या आधीच्या काळातला होता. 'काही खायचं नाही' एवढा हुकूम त्या तर्कापुढे टिकत नाही. प्रेमाच्या माणसाने दिलेली वाटी हुकुमामुळे नाकारली जात नाही, कारण कळलं तरच नाकारली जाते.

मध्यरात्रीपासून काही नाही?

भुलेच्या सुरुवातीच्या काळातले डॉक्टर या बाबतीत फारसे कठोर नव्हते. जंतुनाशक शस्त्रक्रियेचे जनक जोसेफ लिस्टर यांनी १८८३ मध्ये लिहिलं होतं की क्लोरोफॉर्म देताना पोटात घनपदार्थ नसावा, पण साधारण दोन तास आधी कपभर चहा किंवा मांसाचं पातळ सूप दिलेलं चांगलं. मेंडेलसन यांच्या निबंधानंतर वारं फिरलं. घन आणि पातळ यांतला फरक पुसला गेला आणि 'रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नाही' हा नियम जगभरच्या रुग्णालयांत रूढ झाला. सांगायला सोपा, परिचारिकेला तपासायला सोपा.

पण साधं पाणी जठरात फार वेळ थांबत नाही, हे पुढच्या अभ्यासांतून दिसून आलं. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या थोड्याफार फरकाने आज सगळीकडे पाळल्या जातात. पाणी आणि ज्यातून आरपार दिसतं असे पातळ पदार्थ, म्हणजे गाळलेलं सफरचंदाचं सरबत, दूध न घातलेला चहा, हे भुलेच्या दोन तास आधीपर्यंत चालतात. तान्ह्या बाळाला आईचं दूध चार तास आधीपर्यंत. गाईचं दूध, पावडरचं दूध आणि हलका नाश्ता सहा तास आधीपर्यंत. तळलेलं, तुपकट, मटणाचं जेवण असेल तर आठ तास किंवा त्याहून अधिक. म्हणजे शंभरेक वर्षांनी आपण लिस्टरच्या त्या दोन तासांपाशी परत येऊन पोचलो.

आपल्या चहाचं मात्र वेगळं आहे. आपला चहा दुधात उकळलेला असतो आणि दूध जठरात गेलं की त्याचं दही होतं. म्हणून तो सहा तासांच्या रांगेत बसतो. ताकाचंही तेच. गरोदर बाई, फार लठ्ठ माणूस, जुना मधुमेही, आतड्याला पीळ पडलेला किंवा नुकताच अपघात झालेला रुग्ण यांचं पोट घड्याळ पाळत नाही. सहा तास उलटूनही ते भरलेलं असू शकतं. तिथे आम्ही पोट भरलेलं आहे असंच धरून चालतो आणि भूल देण्याची पद्धत बदलतो.

जास्तीच्या उपासालाही किंमत असते. सकाळच्या यादीतलं ऑपरेशन दुपारी तीनवर ढकललं गेलं आणि सत्तरीतल्या आजी रात्रीपासून कोरड्या तोंडाने पडून असल्या, तर भूल दिल्याबरोबर त्यांचा रक्तदाब कोसळतो. लहान मुलं रडून रडून थकतात, त्यांची साखर उतरते. ज्या बाईंची गोष्ट मी वर सांगितली त्यांचं ऑपरेशन पुढे दुसऱ्या एका भूलतज्ज्ञांनी पार पाडलं. त्या वेळी त्यांनी आदल्या दुपारपासून पाणीही घेतलं नव्हतं, असं मला त्यांच्या मुलीने सांगितलं. एकदा कारण न सांगता सोडलं होतं, दुसऱ्यांदा भीतीने कारण शोधलं.

आता मी "उपाशी या" असं कुणालाही सांगत नाही. "रात्री नऊला जेवा. त्यानंतर चहा, दूध, फळ, उपासाचं, प्रसादाचं, काहीच नाही. साधं पाणी सकाळी सहापर्यंत प्या," असं घड्याळासकट सांगते, कागदावर लिहून देते आणि घरातली जी व्यक्ती चहा करणार असते तिलाही समोर बसवते. ऑपरेशनच्या सकाळी "खाल्लं नाही ना?" विचारत नाही. "सगळ्यात अलीकडे तोंडात काय गेलं आणि किती वाजता?" असं विचारते. 'शेवटचं काय खाल्लं' हेही टाळते. तशा वेळी 'शेवटचं' हा शब्द कुणाला ऐकावासा वाटत नाही.

'बीपी होतं, आता नाही'

बाकीच्या प्रश्नांचीही हीच कथा आहे. "काही औषधं चालू आहेत का?" असं विचारलं की "नाही" म्हणणारे काका थोड्या वेळाने सांगतात, "बीपीची गोळी तेवढी आहे." त्यांच्या लेखी गोळी रोजच्या सवयीतली, औषध म्हणजे आजारपणातलं. "बीपी आहे का?" याचं उत्तर "होतं, आता नाही" असं येतं, कारण गोळीमुळे ते आटोक्यात असतं. वैद्यांचा काढा, सांधेदुखीची पावडर, मंडईतून आणलेली झाडपाल्याची पुडी ही तर मोजलीच जात नाहीत. म्हणून मी सांगते की घरात जे जे घेता ते सगळं एका पिशवीत घालून आणा.

ही पिशवी मला का हवी असते? कारण काही गोळ्या ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्याच असतात. हृदयाचे ठोके आवरणाऱ्या काही गोळ्या अचानक बंद केल्या तर उलट धोका वाढतो. रक्तदाबाच्या दुसऱ्या काही गोळ्या त्या दिवशी वगळलेल्या बऱ्या, नाहीतर भुलेत दाब फार खाली जातो. मधुमेहाच्या लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या तीन-चार दिवस आधी थांबवतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा निर्णय हृदयाचे डॉक्टर, सर्जन आणि भूलतज्ज्ञ मिळून घेतात. यातलं काहीच रुग्णाने आपल्या मनाने सुरू किंवा बंद करायचं नसतं.

"दम लागतो का?" हाही फसवा प्रश्न आहे. जो चालतच नाही त्याला दम कसा लागेल? म्हणून माणूस जगतो कसा ते विचारावं लागतं. दोन मजले न थांबता चढता का? डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन घरी येता का? जी बाई भारा आणते तिच्या हृदयाने माझी अर्धी तपासणी आधीच दिलेली असते. जे काका बैठकीतून संडासापर्यंत जाताना दोनदा टेकतात, त्यांचा ईसीजी चांगला दिसला तरी मी थांबते.

तंबाखूबद्दलही विचारायची रीत आहे. "व्यसन आहे का?" म्हटलं की मान नकारार्थी हलते. मिश्री हे आमच्या भागातल्या बायकांच्या लेखी व्यसन नाहीच, ते दात घासणं आहे. बिडी-सिगरेट ओढणाऱ्याला मी हिशेब सांगते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूची जागा अडवून बसतो. एक दिवस जरी ओढली नाही तरी त्यातला बराचसा निघून जातो. फुप्फुसातला कफ आणि खोकला आटोक्यात यायला मात्र महिनाभर लागतो. "सोडा" म्हणण्यापेक्षा "निदान आजपासून ऑपरेशनपर्यंत नको, कारण असं असं आहे" हे लोकांना पटतं.

गुटख्याचं उत्तर तोंड स्वतःच देतं. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी सुपारी-गुटख्याने आतून चामड्यासारखे ताठ झालेले गाल मला अजून वरचेवर दिसतात. मी रुग्णाला त्याचीच तीन बोटं उभी धरून दातांच्या मध्ये घालायला सांगते. तीन मावली तर ठीक. तिशीतल्या पोराच्या तोंडात एकच मावलं, तर "मी काही खात नाही" या वाक्याला अर्थ उरत नाही. मी त्याला रागावत नाही. भूल दिल्यावर श्वासाची नळी याच वाटेने घालायची आहे आणि वाट अरुंद असेल तर मला आधीच दुसरी तजवीज करायला हवी, एवढं सांगते.

याच वाटेची आणखी एक साधी परीक्षा आहे. रुग्णाला समोर बसवून, आवाज न काढता, तोंड मोठं उघडून जीभ बाहेर काढायला सांगायचं. पडजीभ आणि तिच्या बाजूच्या कमानी पूर्ण दिसल्या तर नळी घालणं बहुधा सोपं जातं. जिभेआड सगळंच झाकलं गेलं तर अवघड जाण्याची शक्यता जास्त. मूळचे आंध्रातले आणि बोस्टनमध्ये काम करणारे भूलतज्ज्ञ शेषगिरी मल्लमपती यांनी १९८५ मध्ये २१० रुग्णांच्या अभ्यासातून ही परीक्षा मांडली. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक भूलतज्ज्ञाच्या कागदावर 'मल्लमपती' हे नाव असतं. एकट्या या परीक्षेवर विसंबून चालत नाही. मान किती वाकते, हनुवटी किती आत आहे, दात हलतो का, कवळी आहे का, हेही पाहावं लागतं. हलणारा दात नळी घालताना निखळून श्वासनलिकेत पडू शकतो. कवळी काढून ठेवायला सांगतात ती याचसाठी. नेलपॉलिश काढायला सांगतात, कारण रक्तातला प्राणवायू मोजणारा चिमटा बोटातून आरपार जाणाऱ्या प्रकाशावर चालतो. मंगळसूत्र आणि बांगड्या काढायला सांगतात, कारण रक्त थांबवायला विजेवर चालणारं उपकरण वापरलं जातं आणि धातूपाशी भाजण्याचा धोका असतो. हे सांगितलं की बहुतेक बायका मंगळसूत्र स्वतःच काढून सासूच्या किंवा नवऱ्याच्या हातात देतात. नुसतं "काढा" म्हटलं तर डोळ्यांत पाणी येतं, आणि ते साहजिक आहे.

ऐकून घेतलेलं एक वाक्य

रुग्ण आपणहून जे सांगतो ते ऐकून घेतलं तर काय होऊ शकतं, याची एक गोष्ट आमच्या शास्त्राच्या इतिहासात आहे. १९६० च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये पाय मोडलेला एकवीस वर्षांचा विद्यार्थी आला. त्याला मोडलेल्या पायापेक्षा भुलेची धास्ती जास्त होती, कारण त्याचे दहा नातेवाईक ईथरच्या भुलेत किंवा त्यानंतर दगावले होते. डॉक्टरांनी ईथर टाळून हॅलोथेन हा तेव्हा नवा असलेला वायू दिला. तरीही त्याचा ताप आणि नाडी भराभर चढू लागली. त्याने आधी सांगितलेलं असल्यामुळे सगळे सावध होते. भूल लगेच थांबवली, त्याला थंड केलं आणि तो वाचला. डेनबरो आणि लॉव्हेल या डॉक्टरांनी त्याच्या कुटुंबाची माहिती गोळा करून ती 'लॅन्सेट'मध्ये छापली आणि एक आनुवंशिक दोष जगाला कळला. अशा माणसांना भुलेच्या काही वायूंनी प्राणघातक ताप चढतो.

आपल्याकडेही असं एक उदाहरण आहे. नळी घालण्याआधी स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलीन नावाचं औषध साधारणपणे काही मिनिटांत उतरतं, कारण रक्तातलं एक विकर त्याचे तुकडे करतं. काही घराण्यांत हे विकर जवळजवळ नसतंच. मग त्याच औषधाने रुग्ण कित्येक तास हलू शकत नाही आणि तोवर यंत्राने श्वास द्यावा लागतो. आपल्या देशातल्या आर्य वैश्य समाजात हा दोष इतरांपेक्षा जास्त आढळतो, आणि मराठवाड्यातही या समाजाची वस्ती आहे. म्हणून "घरात कुणाला भुलेनंतर उशिरा जाग आली होती का? आत्या, मामा, चुलतभाऊ?" असं मी विचारते. ही घरगुती चौकशी वाटते आणि लोक खुलून बोलतात. असं काही असेल तर दुसरं औषध वापरणं अगदी सोपं आहे. फक्त आधी कळायला हवं.

भीतीवरचा उपाय

शेवटचा प्रश्न रुग्णाचा असतो आणि तो बहुधा दारापाशी येतो. "मॅडम, मी उठेन ना?" मधेच जाग आली तर? गुंगीत काही बडबडले तर? अनेकांची समजूत असते की भुलेचे डॉक्टर सुई टोचून निघून जातात. मी त्यांना सांगते की ऑपरेशन संपून तुम्ही डोळे उघडून स्वतःचं नाव सांगेपर्यंत मी तुमच्या उशाशी असते. तुमचा श्वास, नाडी, रक्तदाब हेच माझं तेवढ्या वेळाचं काम. हे ऐकून चेहऱ्यावर जो फरक पडतो तो मी हजारदा पाहिला आहे.

याचाही अभ्यास झालेला आहे. १९६३ मध्ये बोस्टनमधले भूलतज्ज्ञ एग्बर्ट आणि त्यांचे सहकारी यांनी रुग्णांचे गट केले. काहींना ऑपरेशनआधी गुंगीचं इंजेक्शन दिलं, काहींना आदल्या दिवशी भूलतज्ज्ञाने भेटून काय काय होणार ते सांगितलं. इंजेक्शन दिलेले रुग्ण पेंगुळले होते, पण मनातून शांत नव्हते. भेट झालेले रुग्ण शांत होते.

ऑपरेशनच्या खोलीत गेल्यावरही प्रश्न संपत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये एक तपासयादी आणली. भूल देण्याआधी रुग्णालाच सर्वांसमोर नाव, ऑपरेशन कोणतं, कोणत्या बाजूचं, हे विचारायचं. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. यादीत यंत्र नाही, औषध नाही. फक्त मोठ्याने विचारलेले प्रश्न आहेत.

मग मास्क येतो. मास्क लावला की लोकांना वाटतं हीच भूल. मी सांगते, हा नुसता प्राणवायू आहे, तीन मिनिटं शांतपणे घ्या. ढोबळ हिशेब असा: श्वास सोडल्यावरही फुप्फुसात दोन-अडीच लिटर हवा उरते. साध्या हवेत त्यातला प्राणवायू जेमतेम अर्धा लिटर. शरीराला मिनिटाला पाव लिटर लागतो. म्हणजे श्वास थांबला तर हाताशी दोन मिनिटं. तीन मिनिटं निव्वळ प्राणवायू घेतला की तीच जागा त्याने भरते आणि दोनाची सात-आठ मिनिटं होतात. नळी घालताना अडचण आलीच तर ती वाढीव मिनिटं रुग्णाने स्वतःच्या श्वासाने मला दिलेली असतात. हे कळलं की मास्क ढकलणारे हात खाली येतात.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. हर्नियाचे एक पासष्टीचे शेतकरी, यादीत पहिले, साडेनवाला. सकाळी माझ्या प्रश्नावर ते जरा घुटमळले आणि म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी फुप्फुसाचं सांगितलं होतं म्हणून बोलतो. साडेसहाला चहा झाला. दोन खाऱ्या पण." शेजारी उभा असलेला मुलगा वैतागला. त्याने पुण्याहून रजा टाकली होती, गाडी भाड्याने केली होती. "बाबा, बोलायचं कशाला!" असं तो म्हणालाच. खरं बोलण्याची किंमत असते, आणि ती रुग्णालाच द्यावी लागते, हे आम्ही डॉक्टर विसरतो.

मी सर्जनशी बोलले. दोन नंबरचं ऑपरेशन आधी घेतलं आणि यांचं दुपारी एकवर ठेवलं. साडेसहाला सहा तास मिळवून वर अर्धा तास. मुलाला मी त्या नऊ दिवसांची गोष्ट सांगितली. तो काही बोलला नाही. वडिलांच्या पलंगाजवळ स्टूल ओढून बसला. अकराच्या सुमारास वॉर्डातून जाताना दिसलं, मामा चहाची किटली घेऊन आले होते आणि तो त्यांना सांगत होता, "बाबांना नको. का ते सांगतो."